'बाई' आणि 'अम्मी'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'नोकरी करणाऱ्या आईला कोणतं काम आवडतं, आणि ते करताना ती घर कसं सांभाळते' या विषयावर बोला, असा मला निरोप आला. विषय वाचला आणि मला थोडं हसू आलं. आमच्या धारूर तालुक्यातल्या गावात 'आवडीचं काम' असं कोणी म्हणत नाही. काम असतं किंवा नसतं. असलं तर माणूस जातो, नसलं तर वाट बघतो.

तरीपण मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत प्रश्न टाकला. 'बायांनो, तुमच्या कामातलं तुम्हाला काय आवडतं?' आधी सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. शाळेत खिचडी शिजवणारी म्हणाली, 'पोरगं ताट घेऊन दुसऱ्यांदा आलं की बरं वाटतं.' भाजी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जाणारी म्हणाली, 'मला एसटीतली खिडकी आवडते. तेवढा अर्धा तास मला कोणी हाक मारत नाही.' मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती खिडकी तिला जरा स्वस्तही पडते. तिसरी म्हणाली, 'काम नाही आवडत, पण माझ्या हातात आलेले पैसे आवडतात.' शेवटी दरसाल ऊसतोडीला जाणारी एक जण बोलली. 'बाई, उसात काय आवडायचं?' म्हणाली आणि गप्प बसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, 'येताना आवडतं. गाडी गावच्या शिवेत आली की.'

ही चार उत्तरं घेऊन मी घरी आले. पाचवं उत्तर माझं मलाच द्यायचं होतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. १९९६ साली लागले. तेव्हा माझं शिक्षण बारावी, पदरात तीन वर्षांची मुलगी. अंगणवाडीचा इतिहास थोडक्यात सांगते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिथून ती गावोगाव पसरली. पूरक आहार, शाळेआधीचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडेल तिथे दवाखान्यात पाठवणं आणि बायांना आहार-आरोग्याची माहिती देणं, अशी सहा कामं तिच्यात येतात. सेविका त्याच गावची असावी, हा नियम. हा नियम ज्यानं कोणी केला असेल, त्याला मी आजही दुवा देते. घरापासून कामापर्यंत माझी तीनशे पावलं होती. शेजारच्या गावात जायचं असतं, तर आमच्या घरातून सुनेला परवानगी मिळाली नसती.

लहान मुलांचं मला वेड होतं, म्हणून मी हे काम घेतलं असं नाही. घरच्यांचं शिवणकाम होतं, लग्नसराई सोडली तर मशीन बंद असायचं. पैसे हवे होते, म्हणून घेतलं. आवड नंतर लागली. पहिले दोन महिने पोरं रडायची आणि मलाही रडू यायचं. मग एक दिवस एक अबोल पोरगं, जे कधी तोंड उघडत नव्हतं, ते गाण्याच्या शेवटच्या शब्दाला माझ्याबरोबर ओरडलं. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते. कवितेचं बीजही त्याच काळातलं. आहाराच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर मी ओळी लिहायची. एकदा मुख्यसेविका तपासणीला आल्या, पान उलटलं आणि वाचत राहिल्या. मला वाटलं, आता नोटीस मिळणार. त्या एवढंच म्हणाल्या, 'हे वेगळ्या वहीत लिहा. रजिस्टर कार्यालयात जमा होतं, कविता परत मिळणार नाहीत.' पुढं मुक्त विद्यापीठातून मी बी. ए. केलं. पोरं झोपली की कंदिलाशी बसायचं. लाइट असली तर चैन.

आता घराचं. माझी मुलगी माझ्याच अंगणवाडीत होती. बाकीची पोरं मला 'बाई' म्हणायची, म्हणून तीही 'बाई' म्हणायला लागली. तिथं ठीक होतं. पण पुढं घरीही ती मला 'बाई, भूक लागली' असं म्हणू लागली. शेजारणी हसल्या. मीही हसले, पण मनात काहीतरी टोचलं. अंगणवाडीत ती रडली, तर मी तिला आधी उचलत नव्हते. आधी दुसऱ्याचं लेकरू, मग माझं. नाहीतर लोक म्हणाले असते, 'बाई आपल्याच पोरीला बघते.' तीन वर्षांच्या मुलीला हे कसं कळावं?

दुसरी एक गोष्ट पल्स पोलिओच्या रविवारची. मुलगा तेव्हा वर्षाचाही नव्हता. रात्रभर तापानं फणफणलेला. सकाळी सात वाजता मला बूथ मांडायचा होता. मी दारात उभी, पाय निघेना. सासूबाईंनी पोराला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, 'जा तू, मैं हूँ ना घर में.' मी गेले. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या तोंडात दोन-दोन थेंब टाकले आणि दर तासाला घराकडून कोणी येतंय का ते बघितलं. संध्याकाळी परतले तेव्हा ताप उतरला होता आणि पोरगं आजीच्या मांडीवर झोपलं होतं. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ती बातमी मी रेडिओवर ऐकली. सासूबाई तोवर गेल्या होत्या. त्या प्रमाणपत्रात त्यांच्याही मांडीचा वाटा आहे, असं मला तेव्हा वाटलं.

नोकरी आणि घर सांभाळणं म्हणजे 'तारेवरची कसरत' असं आपण सहज म्हणतो. आमच्या गावात डोंबारी यायचे. मुलगी दोरीवर चालायची खरी, पण खाली बाप ढोलकी वाजवायचा आणि आई दोरीच्या खुंट्यांवर नजर ठेवून असायची. खालची माणसं उठून गेली, तर वरचीनं चालायचं कशाच्या जोरावर? माझ्या दोरीखाली सासूबाई होत्या आणि नवरा होता. घरचे शिवणाचं मशीन चालवत आणि पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोळी हलवत. भाकरी थापायला शिकले. भाकरीचा कधी नकाशा व्हायचा, पण पोट भरायचं. चावडीवर लोक त्यांना चिडवायचे. ते म्हणायचे, 'कपडा मी शिवतोच ना? मग भाकरीनं काय पाप केलं?'

अशी घरं किती? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत एक आकडा आहे. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. म्हणजे बाई जवळजवळ पाच तास, पुरुष दीड तास, तोही जो करतो तो. ही मिनिटं वाटून घेतल्याशिवाय आईनं नोकरी 'आवडीनं' करावी, असं म्हणणं कोरडं आहे.

आता त्या उसातल्या बाईकडे येते, कारण तिच्याशिवाय बीड जिल्ह्यातल्या नोकरदार आईची गोष्ट पुरी होत नाही. दसरा-दिवाळी झाली की आमची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. ती अर्धा कोयता. पहाटे तीन-चारला उठायचं, कोपीपुढं चूल पेटवायची, भाकरी बांधायच्या, लेकरू फडाच्या कडेला पाचटावर किंवा झोळीत ठेवायचं आणि ऊस तोडून मोळ्या डोक्यावर वाहायच्या. एक दिवस गेली नाही तर 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं आढळलं. तो आकडा ऐकून सगळा देश हादरला. आम्हाला आकडा नवा होता, बाया ओळखीच्या होत्या. आजारपणाला सुट्टी नाही, पाळीला सुट्टी नाही, अशा कामात 'कुटुंब आणि नोकरी यांचा मेळ' हे शब्द कुठे बसवायचे?

तिच्या मुलांचं काय होतं, ते माझ्या हजेरीपटावर दिसतं. दिवाळीनंतर नावांपुढे रेघा सुरू होतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला शाळा सोडून बरोबर जाते. गावात हंगामी वसतिगृह चाललं, आजी मागं राहिली, तर काही पोरं थांबतात. त्या आजीचा हात धरून पोरगं अंगणवाडीत येतं, तेव्हा मला कळतं की माझी नोकरी ही दुसऱ्या कोणा आईच्या नोकरीचा टेकू आहे. माझ्या कामातलं मला काय आवडतं, याचं पाचवं उत्तर हेच.

पण श्रोतेहो, हे उत्तर एकदा मला महाग पडलं.

माझी मुलगी नर्स आहे, पुण्यात एका खाजगी रुग्णालयात. २०१७ मध्ये कायदा बदलून बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली होती, तिचा तिला लाभ मिळाला. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, असंही त्या दुरुस्तीत होतं. ते मात्र तिच्या ठिकाणी नव्हतं. रजा संपत आली, एप्रिल २०२२. तिचा फोन आला. 'अम्मी, तू राजीनामा दे आणि इकडे ये. तुला जे मानधन मिळतं, त्याच्यापेक्षा जास्त मी तुला देते.'

हिशेबानं ती बरोबर होती. आम्हाला मिळतं त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं ठरवलेलं मानधन महिना तीन हजारांवरून साडेचार हजार झालं, त्यावर राज्याची भर. नर्सच्या पगारापुढं ते काय? आणि मुलीवर वेळ आलेली. कुठली आई नाही म्हणेल?

योगायोग असा की त्याच महिन्यात, २५ एप्रिल २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे आणि त्यांचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आमच्या संघटनेच्या बायांनी पेढे वाटले. मी पेढा हातात धरून बसले होते. एकीकडे देशाचं सर्वात मोठं न्यायालय म्हणत होतं की हे काम पुरं काम आहे. दुसरीकडे माझीच मुलगी म्हणत होती की हे सोडण्यासारखं आहे.

तीन रात्री झोप आली नाही. चौथ्या दिवशी मी फोन केला. म्हणाले, 'मे महिन्याच्या सुट्टीत येते. पण राजीनामा देत नाही.' पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, 'लहानपणी मी तुला बाई म्हणायचे, आठवतं? तू अजून बाईच आहेस, अम्मी.' आणि फोन ठेवला.

ते वाक्य कुठंतरी खरं होतं, म्हणून लागलं. मेमध्ये मी गेले. नातवाला अंगाखांद्यावर घेतलं. पण सांगायचं ते सांगितलंच. जावयांना समोर बसवलं आणि म्हटलं, 'हा प्रश्न माझी मुलगी आणि मी असा दोघींचाच का? तुमची पाळी बदलून मिळते का, ते विचारलंत?' त्यांनी विचारलं नव्हतं. विचारल्यावर मिळाली. इमारतीतल्या एका मावशींनी दुपारचं सांभाळायचं कबूल केलं, चांगले पैसे ठरवून. मुलीनं काही महिने रात्रपाळी मागून घेतली नाही, त्यापायी थोडे पैसे सोडले. असं तीन-चार ठिगळं लावून ते वर्ष शिवलं गेलं. ती माझ्याशी दोन महिने तुटक बोलत होती, तेही सांगायला हवं. सगळं गोड झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पुढं एकदा ती गावी आली. नातू आता चालत होता. सकाळी मी अंगणवाडीत निघाले, तर ती त्याला घेऊन मागोमाग आली आणि दारात बसून राहिली. मी गाणं घेतलं, पोरं ओरडली. फडावरून आजीकडं परत आलेलं एक लेकरू माझ्या मांडीवर येऊन बसलं. माझा नातू बघत उभा राहिला. माझी मुलगी उठली, त्याला उचललं आणि मांडीवरच्या त्या दुसऱ्या पोराच्या केसांवरून हात फिरवला. बोलली काही नाही. जाताना म्हणाली, 'अम्मी, पेटी भरून ठेव, पोरांची गोष्टींची पुस्तकं जुनी झालीत. मी पाठवते.'

श्रोतेहो, मला एवढंच म्हणायचं आहे. आईला काम आवडण्यासाठी ते फार मोठं असावं लागत नाही. घरापासून फार लांब नसावं, वेळ ठरलेली असावी, दोन माणसांनी मान द्यावा आणि ती कामावर असताना लेकरू कोणाच्या तरी खात्रीच्या हातात असावं. यातली शेवटची गोष्ट सर्वात अवघड. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आली. ते खेडोपाडी व्हावं, त्यासाठी वेगळी बाई पुऱ्या पगारावर असावी आणि उसाच्या फडापर्यंतही ते पोचावं. आणि ते पोचेपर्यंत घरातल्या पुरुषांनी दोरीच्या खुंट्या धराव्यात. भाकरीचा नकाशा झाला तरी चालेल.