पगाराचा जिना आणि उतारवयातले काळीज



हृदयविकारावर बोलावयाचे तर या व्यासपीठावर एखादे निष्णात डॉक्टर हवे होते. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही सातवीतून शाळा सोडली; पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे आणि लेबर कोर्टाच्या बाकावर. परंतु गेली तीस वर्षे ज्या कामगारांची गाऱ्हाणी आम्ही लिहून घेतली, ते आता साठीला आले आहेत, आणि त्यांना खांदा देण्याची पाळी आमच्यावर वरचेवर येऊ लागली आहे. खांदा देताना माणूस मनाशी हिशेब करतो. कारखान्यातले साहेब ऐंशीच्या घरातही सकाळी बागेत फिरताना दिसतात. आमचा फिटर साठीच्या आसपास छातीला हात लावून खाली बसतो. हे खरेच असे आहे, की आम्हांलाच तसे दिसते? या शंकेपोटी आम्ही शब्दकोश शेजारी घेऊन वाचू लागलो.

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाचा रस्ता आहे. ब्रिटिश सरकारची मोठमोठी खाती तेथे बसतात. 1967 साली तेथील सुमारे 18,000 सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली. सगळे पुरुष, वय 40 ते 64. मग कोण किती जगतो आणि कशाने मरतो, याची नोंद संशोधक वर्षानुवर्षे ठेवीत गेले. मायकेल मार्मॉट आणि त्यांचे सहकारी यांनी 1978 साली त्यातला एक निष्कर्ष छापला. साडेसात वर्षांत हृदयविकाराने दगावलेल्यांचे प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे निरोपे आणि शिपाई यांच्यात, सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या 3.6 पट होते!

आता पाहा, यांत उपाशी कोणी नव्हता. सगळे एकाच सरकारचे नोकर, आणि सगळ्यांना तीच सरकारी रुग्णसेवा. "खालचे लोक विड्या-सिगारेटी ओढतात, दुसरे काय होणार?" असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. खालच्या श्रेणीत धूम्रपान अधिक होते, हे खरेच. पण धूम्रपान, रक्तदाब वगैरे सारे वजा घातले तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहिला. आणि आम्हांला झोप लागू दिली नाही ती गोष्ट ही, की फरक केवळ तळाशी नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूस पहिल्या पायरीवरच्यापेक्षा अधिक मरत होता, तिसरीवरचा दुसरीवरच्यापेक्षा अधिक. जिनाच तो. 1985 साली स्त्रियांनाही धरून दुसरी पाहणी सुरू झाली. आपल्या कामावर आपला काही अधिकार चालत नाही अशा माणसांना हृदयविकार अधिक होतो, असे तीत दिसून आले. लघवीला जाण्यासाठी सुपरवायझरची परवानगी मागणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना हे सांगावयाला इंग्रजी संशोधन लागत नाही.

मग निवृत्तीनंतर तरी हा जिना संपतो का? त्या पहिल्या पाहणीतील माणसांचा 25 वर्षे पाठपुरावा करून 1996 साली याचे उत्तर देण्यात आले. नोकरी सुटल्यावर हुद्द्याचा परिणाम प्रमाणाने थोडा कमी होतो, पण संपत नाही. उलट वय वाढते तसे एकूण मृत्यू वाढतात, त्यामुळे वरच्या-खालच्या मृत्युसंख्येतले प्रत्यक्ष अंतर म्हातारपणी मोठेच होते.

ते विलायतेतले झाले, असे कोणी म्हणेल. तर 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याच देशातील 89 रुग्णालयांचा अभ्यास आला. वीस हजारांहून अधिक रोगी त्यात होते. झटक्यानंतर 30 दिवसांच्या आत श्रीमंतांपैकी शेकडा 5.5 दगावले आणि गरिबांपैकी शेकडा 8.2. संशोधकांनी दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतला हा फरक नाहीसा झाला. याचा अर्थ आम्ही आमच्या सभेत असा सांगितला: काळीज दोघांचे सारखेच असते, औषध सारखे मिळत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. मोठ्या झटक्याच्या रोग्याला, दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत, साधारणपणे सहा तास लागत होते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितके गुणकारी. सहा तासांत काळजाचा केवढा भाग मरून जात असेल, याचा विचार करावा.

त्या सहा तासांत घरात काय चाललेले असते, ते आम्हांला ठाऊक आहे. एका कारखान्यातील फिटर, आमच्या कमिटीचा सभासद, 2015 साली 58 व्या वर्षी निवृत्त झाला. 2019 च्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या छातीत दुखू लागले. त्याने सोडा घेतला. पत्नीने रिक्षा आणू का विचारले, तर म्हणाला, "अनामत किती मागतील?" उजाडल्यावर मुलाने शेजाऱ्यांकडून पैसे उभे केले. रुग्णालयात पोचला तेव्हा सात तास उलटले होते. तो वाचला नाही.

दहाव्याला त्याची पत्नी आम्हांला म्हणाली, "भाऊ, वीस तारखेनंतर ते रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायचे." पेन्शन महिना अडीच हजारांच्या आत. कर्मचारी पेन्शन योजना 1995 सालची. सरासरी वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तराने भागावयाचे, असे तिचे सूत्र. पण वेतन धरावयाचे ते ठरावीक मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा बरीच वर्षे 6,500 होती आणि 2014 साली 15,000 झाली. त्याच साली किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली. या पेन्शनीला महागाईभत्ता नाही. सरकारी अधिकाऱ्याच्या पेन्शनीवर तो वर्षातून दोनदा वाढतो. वाढावा, आमची तक्रार नाही. पण डाळ आणि गोळी दोघांना एकाच दुकानातून घ्यावी लागते. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, मिळतात तेव्हा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना काय किंवा 2024 साली 70 वर्षांवरील सर्वांसाठी आलेली आयुष्मान योजना काय, त्या मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी आहेत. दाखल होण्याची पाळी येऊ नये म्हणून रोज जी गोळी घ्यावयाची, तिचे पैसे म्हातारा-म्हातारीच्या डब्यातूनच जातात.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आम्हांला संकोच वाटतो. त्या कारखान्यात 2011 साली वेतनकरार आम्हीच केला. आठ महिने भांडून केला. गेटवर गुलाल उधळला, पेढे वाटले. त्या करारामुळे पगार राज्य विमा योजनेच्या तेव्हाच्या 15,000 रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला. हे आम्हांला कळत नव्हते असे नाही. कोणी विचारले तर आम्ही म्हणायचो, "विम्याच्या दवाखान्यातल्या रांगा सुटल्या, बरेच झाले!" वास्तविक विम्यातून निवृत्त होणाऱ्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायकोची वैद्यकीय सोय चालू ठेवता येत असे. मर्यादा ओलांडून आधीच बाहेर पडलेल्याला ती मिळत नसे. म्हणजे वाढीव पगाराबरोबर त्याच्या म्हातारपणचा दवाखाना आम्ही सही करून देऊन टाकला, आणि त्या जागी मालकाकडून काहीच मागून घेतले नाही. मागितले असते तर मिळाले असते का? कदाचित थोडे मिळाले असते. त्या आठ महिन्यांत आमच्या तोंडून तो शब्दच निघाला नाही, कारण वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्या आम्हां सर्वांची वये चाळीस-पन्नाशीतली होती. 2024 साली विमा महामंडळाने अशा काही निवृत्तांना अटींवर पुन्हा सामावून घेण्याचे ठरविले. आमच्या फिटरला त्याचा काय उपयोग?

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या, फार मोठ्या नाहीत. दर महिन्याच्या वीस तारखेला युनियनच्या कचेरीत निवृत्तांचा रक्तदाब मोजतो आणि ज्याच्या गोळ्या संपल्या असतील त्याला त्या देतो. यंत्र वर्गणीतून घेतले, गोळ्याही वर्गणीतूनच. छातीत दुखले तर अनामतीचा विचार न करता आधी 108 ला फोन करावा, असे मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर लावले आहे. आणि नव्या मागणीपत्रकात निवृत्त कामगाराच्या व त्याच्या जोडीदाराच्या औषधोपचाराचे कलम पगारवाढीच्या वर, पहिल्या क्रमांकाला घातले आहे. तरुण सभासदांपैकी काहींनी सभेत विरोध केला, तो आम्ही ऐकून घेतला. मालकपक्षाचे म्हणणे असे, की नोकरी संपली तेथे संबंध संपला. पुढची बैठक या महिनाअखेर आहे.