फुलांनी आखलेली रेषा



जपानमध्ये मार्च हा निरोपाचा महिना, तर एप्रिल स्वागताचा. मार्चमध्ये शाळांचे वर्ष संपते. एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीची झाडे बहरतात आणि पाठीवर कोरे दप्तर घेतलेली सहा वर्षांची मुले पहिलीच्या वर्गात पाऊल टाकतात. या दोहोंच्या मध्ये, वसंतसंपाताच्या सुमारास, ‘हिगान’ नावाचे सात दिवस येतात. आपल्याकडील पितृपक्षासारखाच हा पूर्वजांच्या स्मरणाचा काळ. कुटुंबे समाधिस्थळी जातात, समाधीचा दगड धुतात, फुले वाहतात.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी या क्रमावर घाला पडला. ९.० क्षमतेचा भूकंप आणि पाठोपाठ उसळलेली त्सुनामी यांत मृत व बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांना त्या वर्षीच्या हिगानमध्ये धुण्यासाठी समाधीही उरली नव्हती. थंडी सरली नव्हती. मार्चअखेरीस ओनागावा येथे भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जणांचे पथक शोधकार्यात उतरले, तेव्हाही ढिगाऱ्यांखाली माणसे होतीच.

वाचलेली कुटुंबे शाळांच्या व्यायामशाळांतून राहत होती. पुठ्ठ्याचा आडोसा हीच घराची भिंत. तरीही दाराशी पादत्राणे काढून ओळीने ठेवली जात, सकाळी रेडिओच्या तालावर सामुदायिक व्यायाम होई. सैनिकांनी उभारलेल्या गरम पाण्याच्या स्नानगृहांचे मोल तेथील वृद्धांना अन्नाइतकेच वाटले. घर वाहून गेले तरी घरपण आचारात शिल्लक राहते, ते असे. एप्रिलच्या उत्तरार्धात अनेक शाळा उशिरा का होईना, उघडल्या.

तोवर दक्षिणेकडून साकुराचा बहर सरकत आलेला होता. देश शोकात असताना फुलांखाली बसून खाणेपिणे करावे काय? टोकियोच्या तत्कालीन राज्यपालांनी संयम पाळण्यास सांगितले. अनेक उत्सव रद्द झाले. आश्चर्य असे की, याविरुद्ध विनंती आली ती आपद्ग्रस्त इवाते प्रांतातूनच. तेथील तांदळाच्या मद्याच्या उत्पादकांनी कळविले, की तुम्ही उत्सव थांबवलात तर आमचे उद्योगही थांबतील. फुले पाहा आणि आमचा माल घ्या. शोक पाळणे हा धर्म खरा, पण ज्यांच्यासाठी तो पाळायचा त्यांची चूल विझता कामा नये, हे भान त्या विनंतीत होते.

परंतु खरा प्रश्न पुढेच होता. हे सारे विसरले गेले तर? या किनाऱ्याला १८९६ आणि १९३३ मध्येही त्सुनामीने झोडपले होते. मियाको शहराजवळील आनेयोशी या वस्तीत ‘याच्या खाली घरे बांधू नका’ असे बजावणारी शिळा उभी आहे. तेथील लोकांनी ते ऐकले; २०११ चे पाणी शिळेच्या खालीच थांबले आणि वरची घरे वाचली. इतरत्रही अशा शिळा होत्या. मात्र पिढ्या उलटल्या, अक्षरांवर शेवाळ चढले आणि वस्ती पुन्हा समुद्राकडे उतरली.

कामाइशी शहराचा अनुभव निराळा होता. ‘तेन्देन्को’ म्हणजे ज्याने त्याने, कुणाची वाट न पाहता, उंचावर धाव घ्यावी, ही तेथील जुनी शिकवण. वरवर ती निष्ठुर वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी कुटुंबाचा परस्परविश्वास आहे. मूल नक्की पळाले असेल, अशी आईची खात्री असेल, तरच ती त्याला शोधायला समुद्राकडे धावणार नाही. ती खात्री घरात आधीच बोलून ठेवावी लागते. शाळांनी काही वर्षे हे मनावर बिंबवले होते. त्या दिवशी मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरून डोंगर गाठला. शहरातील सुमारे तीन हजार शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सारी वाचली.

रिकुझेनताकाता शहराने सतराशेहून अधिक माणसे गमावली. तेथील तरुणांनी २०११ च्या अखेरीस एक व्रत घेतले. पाणी जेथवर चढले, त्या सुमारे १७० किलोमीटरच्या रेषेवर दर दहा मीटरला साकुराचे एक झाड लावायचे, एकूण सतरा हजार. जमीन अनेकांच्या मालकीची. म्हणून एकेका मालकाची संमती घ्यायची, मग रोप लावायचे, पुढे त्याची निगा राखायची. काम संथ आहे आणि अजून संपलेले नाही.

दगड एकदा उभा केला की माणूस मोकळा होतो. झाड माणसाला मोकळे करीत नाही. त्याला पाणी घालावे लागते, गवत काढावे लागते आणि दर वसंतात ते फुलून येते. मग फुले पाहायला आलेले मूल विचारते, “ही झाडे अशी रांगेत का?” त्या वेळी घरातील वडीलधाऱ्याने सांगायचे, “धरणी हलली की या रेषेच्या वर धावायचे. आमची वाट पाहायची नाही.” एवढे सांगणारे कुणीतरी प्रत्येक घरात असले, तर पुढचे पाणी येईल तेव्हा मुले वर पोहोचलेली असतील.