रेस दिली की बंद

मोटारसायकल उभ्या जागी छान चालते, पण रेस पिळली की भक् करून बंद पडते. गॅरेजमध्ये लगेच ऐकू येतं, "कार्बोरेटर खोलावा लागेल." खोला, पण जरा थांबून.

गाडी स्लोवर चालते, म्हणजे ठिणगी पडते, पेट्रोल येतं, हवाही जाते. जास्त मागितलं की यातलं एक कुणीतरी कमी पडतं. रेसची झडप उघडताच हवा झपकन आत शिरते. पेट्रोल जड, ते रेंगाळतं. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा फारच वाढली की मिश्रण पेटत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी चोक थोडा ओढून बघा. त्याने मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. गाडी रेस घेऊ लागली, तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली, तर आधीच जास्त होतंय. मग एअर फिल्टर उघडा, बहुधा धुळीनं गच्च झालेला असेल.

पेट्रोल कमी असेल तर टाकीपासून खाली या. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की थोडं अंतर गेल्यावर पेट्रोल उतरेनासं होतं. झाकण सैल केल्यावर गाडी सुधारली, तर भोक साफ केलं की काम झालं, खर्च शून्य! नाहीतर मग कॉक, जाळी, फिल्टर, आणि शेवटी कार्बोरेटर. तिथे मेन जेटमध्ये कचरा असतो, किंवा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरचा रबरी पडदा फाटलेला असतो. पडदा उजेडासमोर धरून बघा. चीर केसाएवढी असली तरी पिकअप जातो.

आता ठिणगी. रेस दिल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर झकास ठिणगी देणारा प्लग आत हार मानू शकतो. "ठिणगी आहे की हो!" एवढ्यावर कुणी त्याला निर्दोष सोडू नये. दुसरा चांगला प्लग लावून बघणं सरळ.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक इंजेक्शन असतं, चोकची दांडी नाही. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर आधी कोड वाचून घ्या. दिवा लागला नाही म्हणून पंप चांगलाच, असं मात्र नाही. थकलेला पंप स्लोवर पुरतो, रेस दिली की दाब खाली येतो. तो गेज लावून, रेस देतानाच मोजायला सांगा.