शनिवारचा घाणा, चरीचं रान



रायगडच्या किनाऱ्यावर तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्ष निवडताना दोन गोष्टी पाहतात म्हणे. त्याच्या शब्दावर वर्गणी जमली पाहिजे आणि त्याचं भाषण लवकर संपलं पाहिजे. पहिल्या परीक्षेत मी काठावर पास झालो आहे. दुसरीचा निकाल तुमच्या हातात.

तुमच्यापैकी काही जण भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला उतरलात, काही जण वडखळवरून रस्त्यानं आलात. रस्त्यानं आलेल्यांची मी माफी मागतो, जरी तो रस्ता स्वागत समितीच्या अखत्यारीत येत नाही. थंडीचे दिवस आहेत, वालाच्या शेंगा भरल्या आहेत, तेव्हा आज रात्री पोपटी लावणार आहोत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, कांदे-बटाटे आणि खाणाऱ्यांसाठी अंडी, कोंबडी. शाकाहारी मडकी वेगळी ठेवली आहेत. श्रद्धा आणि मूल्यं हाच परिषदेचा विषय असल्यानं मडक्यांवरूनही एखादा परिसंवाद होईल, याची तयारी समितीनं ठेवली आहे.

आपल्या विषयपत्रिकेत एक क्रम मांडला आहे. माणसाची श्रद्धा आणि मूल्यं आधी, त्यातून विचारसरणी, आणि विचारसरणीतून ओळख. अभ्यासकांना तो सोयीचा असेल. पण या किनाऱ्याचा इतिहास चाळला की तो क्रम उलटासुलटा होतो. इथं माणसांनी आधी एखादी गोष्ट हट्टानं केली किंवा करायची सोडली. शेजाऱ्यांनी त्यावरून त्यांना नाव दिलं. तत्त्वज्ञान मागाहून आलं, आणि आलं तेही एकच नव्हे.

इथून जवळच नवगाव आहे. बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथल्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. हे नेमकं कधी घडलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्या माणसांकडे धर्मग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती. उरलं होतं ते इतकंच: शनिवारी काम करायचं नाही, मुलाची सुंता करायची, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, आणि प्रार्थनेचे ‘शेमा’ हे शब्द. ही मंडळी तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्या नावात ना धर्मशास्त्र होतं, ना वंशावळ. आठवड्यातला एक दिवस बंद राहणारा घाणा गावाला दिसत होता, तेवढंच.

पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या गृहस्थांनी ते ज्यू आहेत का याची पारख केली, तीही माशांवरूनच, असं परंपरा सांगते. बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी खवले-पर असलेले तेवढे बाजूला काढले. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा ज्यू नियम. आमच्या कोकणानं त्यावर नारळाचं दूध दिलं आणि अडचण सुटली. गावांवरून पडलेली आडनावं पाहा: पेणकर, नवगावकर, रोहेकर, केहिमकर. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. तो छापून आला १९३७ मध्ये. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही या समाजानं केली. नवस फेडताना मलिद्याचं ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं, हे आजही चालतं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग तुम्हाला इथून चालत जाऊन पाहता येईल.

आता ‘ओळख’ या शब्दाची खरी परीक्षा कुठं झाली ते ऐका. शतकानुशतकं इथल्या गावकऱ्यांनी त्यांना ‘तुम्ही ज्यू आहात का’ म्हणून अडवलं नाही. अडवलं ते इस्रायलमध्ये. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे नियम काढले. १९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. ज्यांनी ग्रंथ हातात नसताना शनिवार पाळला, त्यांच्याकडे ग्रंथ जपणाऱ्यांनी पुरावा मागितला. तिथं गेल्यावर याच समाजानं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, म्हणजे इथून नेलेली दुसरी ओळखही त्यांनी सोडली नाही. या समाजाविषयी बोलताना माझा आवाज जरा चढतो. स्वागताध्यक्षाला एवढा स्थानिक अभिमान माफ असावा.

श्रद्धेची बाजू नेहमीच गोड असते असं मात्र समजू नका. महाड याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावर होता. पाणी प्यायल्यानंतर गावात अफवा उठली, तिथं भरलेल्या परिषदेच्या माणसांवर हल्ले झाले, आणि मग शेण-गोमूत्र ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ती करणारेही आपल्या श्रद्धेनंच वागत होते, आणि ती श्रद्धा मनापासूनची होती, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. मनापासून असणं हा मूल्याचा पुरावा नव्हे. तळ्याचा वाद न्यायालयात गेला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हा दावा मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. १९३७ च्या मार्चमध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला. 

महाडला बाबासाहेबांच्या बाजूनं कोण उभं होतं, तेही पाहावं. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस कायस्थ प्रभू. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. त्या परिषदेला दुसरं कुणी जागा देईना, तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान मुसलमान. जन्मानं हातात आलेली ओळख आणि मनानं निवडलेली बाजू यांची फारकत एका गावात, एका वर्षात इतकी स्पष्ट दिसली, असं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

आणि रामचंद्र बाबाजी मोरे. महाडजवळच्या लाडवलीचे. ज्याला शाळेत शिरण्यासाठी लहानपणीच झगडावं लागलं, असा हा माणूस मार्चच्या परिषदेमागचा एक मुख्य हात होता. पुढे १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि अखेरपर्यंत कम्युनिस्टच राहिले. ‘जीवनमार्ग’ साप्ताहिकाच्या स्थापनेतही त्यांचा हात होता. पण बाबासाहेबांशी असलेलं नातं त्यांनी तोडलं नाही. पक्षातल्यांना ते जातीचा प्रश्न काढतात म्हणून खटकत आणि जातीतल्यांना ते लाल बावट्याचे म्हणून. उद्याच्या सत्रात वक्ते मोऱ्यांना कोणत्या खान्यात बसवतात, याची मला उत्सुकता आहे. माझ्या मते खाना चुकला आहे, माणूस नव्हे.

चरीबद्दल मात्र थोडं थांबून बोलणार. हे गाव अलिबाग तालुक्यातलं, खारेपाटातलं. खारेपाट म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली भातजमीन. बांधाला उघाडी असते; ती नीट चालली नाही किंवा बांध फुटला, तर खारं पाणी एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या शेतात शिरतं. बांध कुळांनी राखायचा आणि पीक खोताच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कोठारात ओतायचं. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं चरीला सभा झाली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी खोताची जमीन न कसण्याचं ठरवलं. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! शेतं ओस पडली, माणसं रानातला लाकूडफाटा विकून आणि खाडीत मासे धरून जगली.

त्यांना हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं? मला वाटतं, बांधानं. ज्याचं शेत शेजाऱ्याच्या बांधामुळे वाचतं, त्याला एकजुटीवर व्याख्यान लागत नाही. हा माझा तर्क आहे, इतिहासकारांनी तो तपासावा. विचारसरण्या आल्या त्या नंतर. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब चरीला आले, सोबत सुरबानानाही होते. म्हणजे महाडच्या पाण्याचा धागा इथल्या भाताशी जोडला गेला, आणि आगरी कुळांच्या लढ्याला महार समाजाच्या नेत्याचा आधार मिळाला. १९३७ मध्ये पाटलांनी ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं, त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चात कम्युनिस्टही त्यांच्याबरोबर चालले. संप संपला त्या १९३९ मध्ये कूळकायदा आला. खोती कायद्यानं गेली १९४९ मध्ये. त्याआधीच शेतकरी कामगार पक्षाचं लाल निशाण या भागात रुजलं होतं. आज तुम्ही म्हणता, ‘अलिबाग म्हणजे लाल बावटा’. पण चरीच्या माणसांनी नांगर खाली ठेवला, तेव्हा तो पक्ष जन्मालाही आला नव्हता.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून एकच जोड सांगतो. पेण तालुक्यातल्या गागोद्याला सप्टेंबर १८९५ मध्ये विनोबा जन्मले आणि चारच महिन्यांनी महाडजवळच्या नात्याला चिंतामणराव देशमुख. एकानं १९१६ मध्ये आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली. दुसरा १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला आला आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. एकाच जिल्ह्याचं पाणी पिऊन इतक्या वेगळ्या वाटा निघतात. माती माणूस घडवते वगैरे सिद्धांत मांडणाऱ्यांनी आधी या दोघांचं गणित सोडवून दाखवावं.

तेव्हा, अभ्यासक मित्रांनो, पुढच्या दोन दिवसांत एक विनंती. कोण कोणत्या विचारसरणीचा, याची यादी करण्यात सत्रं घालवू नका. माणसानं कशासाठी काय सोडलं, ते विचारा: शनिवारची कमाई, जातीतली पंगत, सहा वर्षांचं पीक, मंत्रिपद. उत्तरं अडचणीची निघतील, तशी ती निघू द्या.

व्यवस्थेत उणीव राहिली तर ती माझी, सोय झाली तर ती कार्यकर्त्या मुलामुलींची. चरीला जाणारी बस उद्या दुपारी साडेतीनला निघेल, ज्यांना यायचं आहे त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावं. उन्हं उतरली तरी टोपी बरोबर ठेवा. आता उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं आणि अध्यक्षांनी सूत्रं स्वीकारावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.