चौदा खुर्च्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात चर्चामंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या वाढीचे आकडे सांगावेत, असा संकेत आहे. ते काम कार्यवाहांनी आपल्या अहवालात उत्तम रीतीने केलेले असल्याने आम्ही त्यातून सुटलो आहोत. आमच्याकडे आलेला विषय काहीसा अडचणीचा आहे. मंडळाच्या वास्तूतील मागील खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता चौदा खुर्च्या गोलाकार मांडल्या जातात. एखादे पुस्तक किंवा एखादा प्रश्न घेऊन आम्ही मंडळी दोन तास बोलतो, क्वचित भांडतोही. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा हा क्रम अठरा वर्षे चुकलेला नाही. परंतु अलीकडे चौदांपैकी पाच खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आहेत. कोणी मुलांकडे पुण्यास वा बंगळूरला गेले, कोणी हे जग सोडून गेले. उरलेल्यांत सर्वांत लहान वय अठ्ठावन्न वर्षांचे आहे. तेव्हा हे चर्चामंडळ वाढवावे काय, आणि वाढवायचे तर कसे, हा प्रश्न आता पुढे ढकलता येण्याजोगा राहिलेला नाही.

याविषयी दोन मते आमच्या कानी आली. पहिले असे की, मागील खोली सोडून मोठ्या सभागृहात यावे, पुण्या-मुंबईचा नामवंत वक्ता बोलवावा, म्हणजे शंभर माणसे सहज जमतील. व्याख्यानमालेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यास सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने महाराष्ट्राला किती दिले, हे सर्वविदित आहे. तथापि व्याख्यान वेगळे आणि चर्चा वेगळी. साधा हिशेब पाहावा. चौदा माणसांनी दोन तास वाटून घेतले तर प्रत्येकाला साडेआठ मिनिटे मिळतात. चाळीस माणसे झाली की तीन. तीन मिनिटांत माणूस मत नोंदवू शकतो, मत बदलू शकत नाही. मग हळूहळू पाचसहाजण बोलतात आणि इतर घड्याळाकडे पाहतात.

दुसरे मत असे की, जे चांगले चालले आहे त्यास हात लावू नये. हे मत आम्हांला मनातून फार आवडते, म्हणूनच ते संशयास्पद वाटते.

ज्या नगरात आपण राहतो त्याच्या जन्मकथेतच या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली जयपूर वसविले. त्यांच्या आश्रयाला रत्नाकर पौंडरीक यांच्यासारखे महाराष्ट्रीय पंडित होते. ब्रह्मपुरीतील पुंडरीकांची हवेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जगन्नाथ सम्राट हेही मूळचे महाराष्ट्रीय, असे सांगितले जाते. त्यांनी अरबी आत्मसात केली आणि युक्लिडचे भूमितिशास्त्र अरबीतून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणले. जयसिंगांभोवती संस्कृतज्ञ होते, अरबी-फारसी जाणणारे ज्योतिषी होते, पोर्तुगालपर्यंत जाऊन आलेले जेझुइट पाद्रीही होते. संख्येने हा मेळावा लहान. परंतु त्यात एकमेकांची भाषा शिकण्याची तयारी होती. १७४३ साली जयसिंग निवर्तले आणि हा उद्योग ओसरला. जंतरमंतर उभे राहिले, २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेले. पण ज्या बैठकीतून ते निर्माण झाले तिला दुसरी बैठक झाली नाही. एका यजमानाभोवती जमलेली मंडळी यजमानाबरोबर उठतात.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. निबंध वाचावेत व त्यांवर चर्चा करावी, एवढाच आरंभीचा उद्देश. आणि ते निबंध इंग्रजीत. आपल्याच सभागृहाचा विस्तार करण्याऐवजी या सोसायटीने ज्ञानप्रसारक सभांच्या रूपाने मराठी व गुजराती शाखा काढल्या. मराठी शाखेची धुरा दादोबा पांडुरंगांनी वाहिली, गुजराती शाखेत दादाभाई नौरोजी होते. पुढे वर्षभरातच, १८४९ मध्ये, याच तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी स्वतः विनावेतन शिकविले. जगन्नाथ शंकरशेट यांनी त्या कार्याला जागा दिली. निबंधवाचनाच्या एका मंडळीतून मुलींच्या शाळा निघाव्यात, ही घटना आम्हांला आजही थक्क करते. इंग्रजी निबंधात जे ‘स्त्रीशिक्षण’ होते, ते मराठीत आणि गुजरातीत आल्यावर घरातल्या मुलीचे नाव घेऊन बोलावे लागले असेल, असा आमचा तर्क आहे.

त्याच सुमारास दादोबांनीच पुढाकार घेतलेली परमहंस सभा मात्र गुप्त राहिली. जातिभेद मोडण्यासारखे मोठे ध्येय असूनही दार बंद असल्याने, १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटताच ती कोलमडली. १८६७ साली त्यांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज उभा राहिला, तो उघड्या दाराने. रविकिरण मंडळाचेही स्मरण येथे होते. १९२३ साली पुण्यास स्थापन झालेले ते मंडळ मूठभर कवींचेच राहिले. मात्र त्यांच्या काव्यगायनामुळे कविता गावोगावी गेली. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त त्यांची यथेच्छ थट्टा केली, तीही त्यांच्या प्रसाराचीच खूण म्हणावयाची!

आता आमच्या दाराविषयी. ते बंद आहे असे कोणी म्हटले असते तर आम्ही रागावलो असतो. तीन वर्षांपूर्वी इरावतीबाई कर्वे यांच्या ‘युगान्त’वर चर्चा होती. मंडळाच्याच एका जुन्या सभासदांची नात त्या दिवशी आली. जन्म जयपूरचा, शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत. गांधारीचा विषय निघताच ती म्हणाली, “पट्टी बांधणे हा पतिव्रताधर्म नव्हता, ती तिची नाराजगी होती.” त्यावर एक आवाज उठला, “नाराजगी नव्हे, नाराजी.” कोणी म्हणाले, नाराजीही फारसीच, कोणी ‘रोष’ सुचविला, कोणी ‘उद्वेग’. पाव तास शब्दांवर गेला. गांधारीने डोळे बांधून घेतले ते निष्ठेने की निषेधाने, हा त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा प्रश्न तसाच राहिला. मुलगी पुन्हा आली नाही. ती पहिली दुरुस्ती प्रस्तुत वक्त्याची, म्हणजे आमचीच होती.

घरी परतल्यावर आम्ही सौभाग्यवतींना हा प्रसंग सांगू लागलो आणि आरंभ केला तो असा: “आज मला उशीर होऊन गेला, जरा पंखा चालव.” पंखा लावावा, चालवू नये, हे त्यांनी शांतपणे लक्षात आणून दिले. चाळीस वर्षे जयपूरचे पाणी पिऊन आमची मराठी जशी झाली आहे तशी झाली आहे. फक्त ती आम्हांला ऐकू येत नाही.

एका ज्येष्ठ सभासदांनी यावर घेतलेला आक्षेप गंभीर आहे. ते म्हणतात, घरात, बाजारात, शाळेत सर्वत्र हिंदी. शुद्ध मराठी कानांवर पडण्याची ही एवढी एकच जागा, तीही सोडावयाची काय? आम्ही त्यांच्याशी अर्धे सहमत आहोत. ती जागा सोडू नये. मागील खोलीतील बैठक आहे तशीच, आहे त्या भाषेत चालावी. परंतु तेथेच नव्यांना भरून खोली मोठी करण्याऐवजी शहरात दुसरी बैठक निघावी, आणि तिची भाषा तेथे बसणाऱ्यांनी ठरवावी. पुस्तक मात्र मराठी असावे आणि सर्वांनी वाचून यावे, एवढी एक अट आम्ही घालू इच्छितो. भाषेचा उंबरठा खाली आला तरी वाचनाचा येऊ नये. तेथेही पंधरावा माणूस नियमित येऊ लागला की तिसरी बैठक काढावी. जुन्या बैठकीतील दोघांनी पहिले सहा महिने तेथे जावे, चहाची व्यवस्था पाहावी, आणि विचारल्याखेरीज शब्द दुरुस्त करू नयेत. वर्षातून एकदा, संक्रांतीला, पतंग उडवून झाल्यावर, सर्व बैठकांनी तिळगुळासाठी एकत्र यावे. एरवी कोणी कोणाचा हिशेब मागू नये.

हे सारे फसण्याचाही संभव आहे. दुसरी बैठक चार महिन्यांत बंद पडेल, किंवा, याची आम्हांला अधिक धास्ती वाटते, ती इतकी रंगेल की आमच्या खोलीत कोणी येणार नाही. आमच्या नऊ खुर्च्यांच्या सहा होतील. तरीही विचारपूर्वक हा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला असून तो मंजूर झाला आहे, हे सांगण्यास आनंद वाटतो.

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिने आमचे बोलणे ऐकून घेतले, कांद्याची कचोरी खाऊ घातली, आणि पहिली बैठक मालवीयनगरात स्वतःच्या घरी घेण्याचे मान्य केले. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता ती भरेल. पुस्तक ‘युगान्त’च, आरंभ गांधारीपासून. जुन्या बैठकीतील दोघे चहासाठी जाणार आहेत. त्या दोघांत पहिल्या खेपेस आम्ही नसावे, अशी तिची एक अट होती. ती आम्ही मान्य केली आहे.