सेवेसाठी परदेशगमन

(मंडळाच्या पालघर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेला मनुष्य. परदेशाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तथापि बोईसरच्या एका घरातील प्रश्न कार्यकारिणीपुढे आला आणि मंडळींनी तो माझ्या गळ्यात घातला. परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केलेली आपली एक कन्या दोन वर्षे आफ्रिकेत रुग्णसेवेसाठी जाऊ इच्छिते. पगार नाही, निर्वाहापुरता भत्ता. आईवडील म्हणतात, नोकरीसाठी आखातात गेली असती तर आम्ही अडविले नसते. पण सेवाच करावयाची तर आपल्या जव्हार-मोखाड्यात ती थोडी का आहे?

हा प्रश्न नवा नाही. 14 ऑगस्ट 1942 रोजी याच पालघरात पाच जणांनी छातीवर गोळ्या झेलल्या, हे येथील प्रत्येक मूल जाणते. त्याच वर्षाच्या 9 डिसेंबरला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमध्ये निवर्तले. वय अवघे 32. देश स्वतः पारतंत्र्यात असता परक्यांच्या जखमा बांधावयास का जावे, असे त्यांनाही कोणी विचारले असेलच. 1938 मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनावरून जनतेने सुमारे 22 हजार रुपये जमविले आणि पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पुढे चौघे यथाकाल परतले. कोटणीसांना वडील वारल्याची वार्ता चीनमध्येच कळली, तरी ते माघारी फिरले नाहीत.

मला मोठी वाटते ती मात्र निराळीच गोष्ट. हा गृहस्थ चिनी भाषा शिकला. नुसती रोग्याची विचारपूस करण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकविण्याइतकी. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यवैद्य तेथेच सेवा करताना 1939 मध्ये मरण पावले. त्यांच्या नावाने चालविलेल्या रुग्णालयाची धुरा 1941 मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अखेरच्या दिवसांत ते शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहीत होते. शिक्षकाच्या दृष्टीने पाहता, आपण गेल्यावरही काम चालावे अशी तजवीज करणारा तो मनुष्य होता.

घराजवळचे उदाहरण हवे असेल तर कोसबाडच्या टेकडीकडे पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडास नेले. या दोघी येथल्या नव्हत्या. वारल्यांच्या पाड्याला त्या परक्याच. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. तेव्हा जवळचे-दूरचे हे मैलांवर मोजण्यात अर्थ नाही. बोईसरहून मोखाडा जवळ खरा; पण पाड्यावर जाऊन पाहुण्यासारखा बसणारा मनुष्य तेथेही परदेशीच.

परदेशी पाहुणे मीही पाहिले आहेत. माझ्या शाळेत एकदा पंधरा दिवसांसाठी दहा-बारा तरुण-तरुणी आल्या. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी बाहेरच्या भिंतींवर सुंदर मोर रंगविले, मुलांसह छायाचित्रे काढली आणि त्या गेल्या. मृगाच्या पहिल्या सरींत मोर वाहून गेले. आमच्याकडे पावसाळ्याआधी बाहेरची भिंत कोणी रंगवीत नाही, हे त्यांनी कोणास विचारलेच नव्हते. त्यांतली एक मुलगी मात्र रोज स्वयंपाकीणबाईंजवळ बसून तांदूळ निवडी आणि सूप, पाटा, चूल अशी एकेक वस्तू दाखवून तिचे नाव विचारी. मुलांच्या लक्षात राहिली ती तीच. या कामासाठी त्या सर्वांनी आपल्या देशातील कोण्या मंडळीस बरीच रक्कम भरली होती, असे मागाहून समजले. सेवा करणाऱ्याकडूनच पैसे घेऊन त्यास प्रमाणपत्र देणारा हा धंदा आता आपल्या मुलांपर्यंतही येऊन पोहोचला आहे.

म्हणून त्या आईवडिलांना मी एवढेच सुचविले की, मुलीस अडवू नका, पण चार गोष्टी विचारून घ्या. संस्था पैसे मागते की निर्वाह देते? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग 1970 मध्ये स्थापन झाला. तो स्वयंसेवकाकडून शुल्क घेत नाही, उलट भत्ता देतो. मुदत किती? तेथील भाषा कोण शिकविणार? आणि मुलगी परतल्यावर ते काम तेथील कोणती परिचारिका पुढे चालवील?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलीने लेखी आणून दिली आहेत. भाषेसाठी तिने स्वाहिली शिकण्यास आरंभ केला असून परवा माझ्याकडे येऊन तिने मला दहापर्यंत आकडे म्हणून दाखविले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून यावयाचे आहे. ते समाधानकारक आले, तर तिच्या प्रवासखर्चाचा निम्मा भार मंडळाच्या शिक्षणनिधीने उचलावा, असा ठराव मी आजच्या सभेपुढे मांडीत आहे. वडील अद्याप राजी नाहीत. ते समोरच्याच रांगेत बसले आहेत. त्यांनीही आपले म्हणणे येथे येऊन मोकळेपणाने मांडावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.