धुळीचे कण आणि आमची पेटी

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडे असू द्या.

ग्रह कसे तयार होतात, याचा शोध घेणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. "आपल्याला ग्रहांचं काय करायचंय?" असं आमच्या गटातच एकीनं विचारलं. खरंय. आपल्याला ग्रह माहीत ते पत्रिकेतले. मंगळ निघाला की मुलीचं लग्न अडतं, एवढं पक्कं ठाऊक. पण तो मंगळ मुळात बनला कसा, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट निघाली मासिक सभेत. आमच्या एका सभासद ताईंची मुलगी बारावी सायन्स झाली. तिला रसायनशास्त्र घ्यायचंय. जवळच्या कॉलेजात तो विषय यंदा बंद झाला. दुसरं कॉलेज जिल्ह्याच्या गावी, म्हणजे होस्टेल आलं, खर्च आला. घरचे म्हणाले, "शिकली तेवढं पुरे, आता स्थळं बघू." ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं, आणि आमच्यात दोन तट पडले. शेळीला कर्ज दिलं, दवाखान्याला दिलं. पण मुलीच्या शिक्षणाला दिलं तर परत कसं येणार?

तेव्हा आम्ही एविने फान डिसहूक यांच्याबद्दल वाचून दाखवलं. नेदरलँड्स देशातल्या लायडन गावात १९५५ साली त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. लायडनच्याच विद्यापीठात त्या रसायनशास्त्र शिकल्या. पुढे त्याच विषयात संशोधन करायचं ठरलं होतं. पण ज्या प्राध्यापकांचा तो विषय, ते वारले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. विद्यापीठानं सांगितलं, दुसरीकडे बघा.

म्हणजे तिकडेही विषय बंदच झाला होता, बघा!

त्यांचे जोडीदार टिम खगोलशास्त्र शिकत होते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आणि धूळ असते, तिथंही रसायनं तयार होतात, असं त्यांच्या वर्गात नुकतंच शिकवलं होतं. ते म्हणाले, "हे तुझ्यासाठी असेल का?" एविनेबाईंनी ते मनावर घेतलं. शिकलेलं रसायनशास्त्र टाकून दिलं नाही, तेच घेऊन आभाळाकडे वळल्या. १९८४ मध्ये डॉक्टरेट झाली. मग काही वर्षं अमेरिकेत काम केलं आणि १९९० मध्ये त्या लायडनला परत आल्या.

आता त्यांचं काम काय, ते सांगतो. नवा तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची एक चकती फिरत असते. त्या धुळीतूनच ग्रह बनतात. कण कणाला चिकटतो, मोठा होतो. धुळीच्या गार कणांवर पाणीही तयार होतं आणि बर्फ होऊन तिथंच बसतं. आपण हंड्यात भरतो त्या पाण्याची गोष्टसुद्धा अशी फार जुनी आहे.

पण यात एक अडचण होती. कण थोडे मोठे झाले की एकमेकांवर आपटून फुटतात, नाहीतर ताऱ्याकडे ओढले जाऊन संपतात. मग ग्रह होणार कसा? गणित सांगत होतं की चकतीत कुठेतरी वायूचा दाब जास्त असणार आणि तिथं कण अडकून राहणार. धुळीचा सापळाच म्हणा. पण तो कुणाला स्पष्ट दिसला नव्हता.

दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात, ५००० मीटर उंचीवर, आल्मा नावाची ६६ तबकड्यांची दुर्बीण आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला मोठाल्या तबकड्या आहेत ना, तशीच अनेक तबकड्या मिळून काम करणारी. २०१३ मध्ये एविनेबाईंची विद्यार्थिनी नीन्के फान डर मारेल आणि त्यांच्या चमूनं आल्मातून सुमारे ४०० प्रकाशवर्षं दूरच्या एका ताऱ्याभोवती तो सापळा पाहिला. मोठे कण एका बाजूला गोळा झालेले होते. पुढे २०१८ मध्ये एविनेबाईंना कावली पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्या जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघाच्या अध्यक्ष झाल्या.

हे ऐकून आमच्या सगळ्यांत वयस्कर काकू म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या पेटीसारखंच!" आम्ही हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. घरातल्या डब्यात ठेवलेले शंभर रुपये टिकतात का? कधी चहा-साखरेत मोडतात, कधी कुणी ओढून नेतं. गटाच्या पेटीत पडले तरच साठतात. आणि साठले म्हणून तर एका मुलीची फी भरायची गोष्ट आपण बोलू शकतो.

ठराव झाला. दोघी शेवटपर्यंत विरोधात होत्या, त्यांचं म्हणणंही वहीत लिहिलं. हप्ते ताई फेडणार आहेत, त्यांच्या शिलाईच्या पैशांतून. मुलीच्या वडिलांचा होकार मात्र अजून आलेला नाही. आणि प्रवेशाची मुदत शनिवारी संपते.

ताईंना आणि मुलीला विचारूनच आम्ही हे सांगतोय. दादा, तुम्ही ऐकत असाल तर एवढंच म्हणणं आहे. एक विषय बंद झाला म्हणून त्या बाई घरी बसल्या नाहीत, आणि त्यांच्या माणसानं त्यांना दुसरी वाट दाखवली. तसं एक वाक्य तुमच्या तोंडून निघावं. फीचं आम्ही बघतो.

येतो आम्ही. नमस्कार.